पाय ठरेल असं अंगण

तीर्थस्वरूप आईंना साष्टांग नमस्कार. (तुम्ही म्हणाल, हिचे गुडघे जमिनीला टेकत नाहीत आणि ही साष्टांग कसला घालते. कागदावर घालायला गुडघे लागत नाहीत. देवालाही माझा असाच चालतो, तेव्हा तुम्हीही चालवून घ्या.) तुमचा हात आता कसा आहे? प्लास्टर निघालं असं ताई फोनवर म्हणाल्या. निघालं तरी त्या हाताने बादली उचलू नका, लेकीच्या घरची घासलेली भांडी पुन्हा घासू नका आणि त्यांच्या कामवाल्या बाईंना भांडं कसं घासावं हे दाखवायला तर मुळीच जाऊ नका. इकडे सर्व ठीक आहे. पत्र तुम्हाला ताईच वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे, कारण तुमचा चष्मा इथेच राहिलाय, देवाजवळच्या फळीवर. रोज दिवा लावताना तो माझ्याकडे बघतो. (ताई, इथून पुढे कंसातलं सगळं मनात वाचा. मघाचं गुडघ्यांचं वाचून झालं असेल तर असू दे.)

हे फोनवरच का नाही सांगितलं असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि ठेवून देता. माझं बोलणं सुरू व्हायच्या आत संपलेलं असतं. शिवाय फोन कानाला लागला की मला एका जागी उभं राहवत नाही, बोलता बोलता मी अंगणात जाते, आणि अंगणात जाण्याची सध्या सोय नाही. का नाही, तेच लिहायला बसले आहे. बसले आहे म्हणजे टेकले आहे. मधून मधून उठावं लागेल, तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर माझी तब्येत बिघडली असं समजू नका.

तर सुरुवात तुम्ही निघालात त्या दिवसापासून. ताईंनी तुम्हाला गाडीत बसवलं, अंगणात घसरून मोडलेला हात गळ्यात बांधलेला, आणि तुम्ही काच खाली करून म्हणालात, "या घरात आता माझा पाय ठरायचा नाही." गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत तुमचे चिरंजीव फाटकात उभे होते. मग त्यांनी खाली बघितलं. बुटाच्या टाचेने फरशी जरा घासून बघितली, त्यात स्वतःच थोडे सरकले, आणि म्हणाले, "बरोबर आहे आईचं. पाय ठरतच नाही यावर. ही फरशी काढायची." फरशी आणलेली त्यांनीच, हे तुम्हाला मी सांगायला नको. फाटकापासून पायरीपर्यंत आरसा, आणि उरलेल्या फरश्या मागे नळापर्यंत. त्यात आपलं घर उलटं दिसायचं आणि दारातून आत येणारा माणूस आधी स्वतःचा भांग बघायचा. ती बसवली तेव्हा मी तिचा खर्च वहीत 'शोभा' या सदरात टाकला होता. आता उखडायचा खर्च कुठल्या सदरात टाकू असं मी ह्यांना विचारलं, तर रागावून आत गेले. मी तोही 'शोभा'मध्येच टाकला, फक्त पुढे 'झाली' असं लिहिलं.

तुमची सून म्हणून मी एवढं ठरवलं होतं की या वेळी फरशी दिसायला कशी आहे हे कोणी बघायचं नाही. ओली झाल्यावर माणसाला उभं ठेवते का, एवढंच बघायचं. वर गाडी फिरली तरी फुटू नये. आणि एकदा घातली की आपल्या हयातीत पुन्हा विषय निघू नये. हे तिन्ही मी दुकानातल्या टायवाल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मॅट घ्या." मी म्हटलं, मॅट नको, मॅट घसरते, आमच्या न्हाणीघरापुढची कितीदा घसरली आहे, मला फरशी हवी. तो म्हणाला, फरशीच मॅट. मी म्हटलं, फरशीवर मॅट टाकायची तर फरशी कशाला, मॅटच टाकते. असं आमचं बराच वेळ चाललं. तुमचे चिरंजीव दुसरीकडे बघत उभे होते, जणू आमची ओळखच नाही. शेवटी कळलं की मॅट म्हणजे पायपुसणं नव्हे, बिनचकाकीची फरशी. मग तसं बोलावं की नाही! मी मॅट्रिक झालेली बाई, 'पॉलिश न केलेली' एवढं मला कळलं असतं. आणि पॉलिश न केलेलीचा भाव पॉलिश केलेलीपेक्षा जास्त! न केलेल्या कामाचे पैसे कसले लावता, असं विचारल्यावर तो म्हणाला, न करायला वेगळं मशीन लागतं. देवळात आणि दुकानात मी आवाज चढवत नाही.

(थांबा. बाहेर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. बघून येते.)

काही नाही, बादली होती. तर दुकानातल्या माणसाचं ऐकून फरशी आणायची नाही, नमुना आणायचा, घरी भिजवायचा आणि वर उभं राहून बघायचं, असं मी ठरवलं. मागच्या बाजूला नळाशी जागा केली. एकेक नमुना तिथे मांडायचा, वर साबणाचं पाणी ओतायचं, आणि कोणीतरी चालायचं. मी चालून उपयोग नव्हता. मी पाऊल टाकण्याआधी देवाचं नाव घेते आणि बोटं आवळून धरते, तेव्हा मी तुपावरूनसुद्धा पार जाईन. पाणी ओतायचं काम माझ्याकडे, चालायचं काम तुमच्या चिरंजीवांकडे. ते म्हणाले, "मीच का?" मी म्हटलं, मागची फरशी कोणी निवडली?

पहिल्यांदा आले सिमेंटचे ठोकळे, एकात एक अडकवतात ते. त्यावर पाय छान ठरला, पण पलीकडच्या मास्तरीणबाई (ज्या निवृत्त झाल्यापासून आमच्या भिंतीवरून शाळा घेतात) म्हणाल्या, "माझ्या भावाकडे हेच आहेत, फटींतून गवत येतं, तो दर रविवारी चाकू घेऊन बसतो." तुम्ही गवत उपटायला खाली बसणार आणि कोणी बघत नाही असं पाहून एकेक ठोकळाही उचलून बघणार, हे मला दिसलं. ठोकळे परत. मग सिमेंटमध्ये बसवलेले बारीक गोटे. यावर घसरायला होतच नाही, कारण त्यावर चालायलाच होत नाही. तुमचे चिरंजीव अनवाणी त्यावर अर्ध्यापर्यंत गेले आणि तिथून त्यांना पुढेही जाववेना आणि मागेही येववेना. मी चपला फेकल्या तेव्हा आले. मग रबरी. ती इतकी मऊ की मास्तरीणबाईंनी भिंतीवरूनच पसंत केली. पण दोन दिवसांनी उचलली तर खाली पाणी साचून हिरवंगार शेवाळ. वरून पाय धरते आणि खालून स्वतःच घसरते, अशी माणसंही असतात. (ताई, हे कोणाबद्दल नाही.)

गवंडी तर तुम्हाला ठाऊकच आहेत. तेच, ज्यांचं नाव तुम्ही 'बघूया' ठेवलं आहे, कारण त्यांना काहीही विचारलं तरी ते "बघूया" म्हणतात आणि मग बघत बसतात. त्यांचं म्हणणं, साधं काँक्रीट ओता आणि ओलं असताना वरून खराटा ओढा, रेघा उठतात, रेघांत पाय अडकतो. स्वस्त होतं, म्हणून मला एकदम पटलं. एक चौकोन करून बघितला. रेघा सुंदर आल्या. मग शेजारचं मांजर त्यावरून गेलं, मांजराला हाकलायला तुमचे चिरंजीव गेले, आणि चिरंजीवांना हाकलायला मी. तो चौकोन आता फाटकाबाहेर उभा करून ठेवला आहे. त्यावर आमच्या सगळ्या घराण्याची पावलं आहेत. वाळल्यावर त्यावर साबणाचं पाणी टाकून बघितलं तर पाय ठरत होता, खोटं कशाला बोलू, पण झाडायला गेले तर रेघांत अडकलेली पानं खराट्याला दाद देईनात. तुम्ही आल्यावर त्या रेघांतली माती काडीने काढत बसणार आणि मग म्हणणार, या घरात कोणी झाडतच नाही. काँक्रीट नको.

एवढं झाल्यावर माझं घरात लक्ष लागेना. स्वयंपाक करता करता मी उठून बाहेर जायची, नमुने उन्हात कसे दिसतात, सावलीत कसे, ते बघायची. देवापुढे बसले तर डोळे मिटल्यावर फरशी दिसायची. दुसऱ्यांच्या घरी गेले तर बोलणं सोडून त्यांच्या पायरीवर पाय घासून बघायची. दवाखान्यात गेले ब्लडप्रेशर दाखवायला, तर डॉक्टरांना विचारलं, ही तुमची फरशी कुठली? ते म्हणाले, "श्वास घ्या आणि बोलू नका."

आता शेवटच्या नमुन्याची गोष्ट. ती लिहिताना मला हसू येतं आहे, पण तुम्ही हसू नका, बरगड्या धरून तुमचे चिरंजीव अजून कण्हत आहेत. टायवाला स्वतः आला. बूट चकचकीत, हातात फरशी, आणि म्हणाला, हिच्यावर वाळूचा थर दिलेला आहे, हिच्यावर माणूस घसरला तर मी धंदा सोडीन. मी नेहमीप्रमाणे नळाशी उभं राहून पाणी ओतलं, साबण जरा सढळ टाकला. तो चालत गेला. फरशीवरून ठीक गेला. खरं बोलायचं तर अगदी ऐटीत गेला. पण फरशी संपल्यावर पुढे जुनी आरशासारखी फरशी होती, तिच्यावर सगळं साबणाचं पाणी वाहून गेलं होतं, आणि तिथे त्याचे दोन्ही पाय एकदम पुढे गेले. त्याने धरलं तुमच्या चिरंजीवांना. चिरंजीवांनी धरलं बघूयांना. बघूयांनी धरलं वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला, आणि दोरी आली. तिघं जण चादरीखाली. भिंतीवरून मास्तरीणबाई म्हणाल्या, "उठा आता, का हजेरी तिथेच घेऊ?" मी मात्र बादली हातात घेऊन, पायाखालून साबणाचं पाणी वाहत असताना, जागची हलले नव्हते.

तुमचे चिरंजीव चादरीतून डोकं काढून म्हणाले, "तू का नाही पडलीस?" आवाजात अशी तक्रार की जणू घरचं कार्य आहे आणि मी मुद्दाम आले नाही. मी म्हटलं, देवाची कृपा. ते म्हणाले, "कृपा राहू दे, तू उभी कशावर आहेस?" इतके दिवस ते उभे होते म्हणून त्यांना दिसलं नव्हतं, आता नाक जमिनीला लागल्यावर दिसलं. मी उभी होते आपल्या कपडे धुण्याच्या दगडावर. तुमच्या दगडावर! आरसा बसवताना तो 'शोभत नाही' म्हणून अंगणातून हलवला होता, चौघांनी ढकलला, फाटकापर्यंत जाईना म्हणून नळाखाली टाकून दिला. सगळे नमुने मी त्याच्यावर उभं राहून भिजवले. आयुष्यभर त्याच्यावर साबण सांडला, निळीचं पाणी सांडलं, ह्यांचे लहानपणीचे चिखलाचे पाय घासले गेले, आणि कोणी कधी घसरलं असं तुम्हाला आठवतं? मी वाकून हात फिरवला. वर पाथरवटाच्या टाकीचे घाव अजून तसेच, बारीक, हाताला लागतील पण तळपायाला बोचणार नाहीत असे. आम्ही गावभर फरशी शोधत होतो आणि मी तिच्यावर उभी राहून दुसऱ्यांना पाडत होते.

मग काय, तसलाच टाकी मारलेला दगड आणायचा असं ठरलं. टायवाला कपडे झटकत म्हणाला, हे आमच्याकडेही मिळतं, 'नॅचरल' नावाने. भाव ऐकून मी त्याला चहा दिला आणि फाटकापर्यंत पोचवून आले. दगडवाल्याकडून साधा दगड आणला, त्याला नाव नाही.

इथे माझं पत्र संपायला हवं होतं. पण त्याच संध्याकाळी ताईंचा फोन आला. ताई, रागावू नका, तुम्ही जे म्हणालात तेच लिहिते. म्हणाल्या, "आई इथेही एका जागी बसत नाही. सोफ्यावर बसवलं की उठते, खिडकीशी जाते, परत येते. म्हणते, माझा पाय ठरत नाही. आमच्याकडे तर गालिचा आहे!" तुमचे चिरंजीव फोन ठेवून गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "गालिच्यावरसुद्धा घसरते?" आणि आमचा गालिचा नळाशी घेऊन निघाले. तो मी हिसकावून घेतला. म्हटलं, अहो, पाय ठरत नाही म्हणजे पाय घसरतो असं नव्हे! करमत नाही, जीव लागत नाही, एवढं साधं मराठी तुम्हाला कळू नये? (मलाही आधी कळलं नव्हतं. हे कंसात आहे.)

आणि मग मला ते स्टूल आठवलं. तुम्ही पडलात तेव्हा तुमच्या हातात प्लास्टिकचं स्टूल होतं. अंगणात स्टूल कशाला नेत होता असं सगळ्यांनी विचारलं आणि तुम्ही कोणालाच सांगितलं नाहीत. ऊन उतरलं की तुम्ही दगडावर बसायचात, पाय खाली सोडून. फाटकातून कोण आलं, कोण गेलं, कोणी भाजी महाग घेतली, कोण उशिरा आलं, सगळं तिथून. दगड गेला आणि त्या गुळगुळीत फरशीवर स्टूलही ठरत नव्हतं. बसायला जागा नाही ती नाहीच.

दगड आता परत अंगणात जाणार हे सांगायला नको. पण इथेच आमचं अडलं. तो होता कुठे? तुमचे चिरंजीव म्हणतात, झाडाखाली, कारण शाळेतून येताना आई सावलीत दिसायची. मी म्हणते, पायरीच्या डाव्या हाताला, कारण स्वयंपाकघरातून तुमची पाठ दिसायची आणि मी काय करते ते तुम्हाला न वळता कळायचं. मास्तरीणबाई म्हणतात, भिंतीला लागून, कारण त्यांच्याशी बोलताना तुम्हाला आवाज चढवावा लागत नसे. (तुम्हाला कुठूनच लागत नसे.) जुनं सगळं उखडलं आहे, तेव्हा खूणही नाही. बघूया म्हणाले, "बघूया," आणि दगडावर जाऊन बसले. मी त्यांना उठवलं. त्यावर सध्या कोणी बसायचं नाही.

आपली सून.

ता. क. आता मुद्द्याचं. सगळ्या अंगणात नवा दगड बसवून झाला आहे, फक्त मधे जागा मोकळी सोडली आहे, तीही झाडापासून पायरीपर्यंत आणि पायरीपासून भिंतीपर्यंत, म्हणजे बरीच. तिथे नुसती वाळू आहे, म्हणून बाहेर जायची सोय नाही असं वर लिहिलं. ताईंना गाडी काढायला सांगा आणि या. यायचं, उभं राहायचं, चांगल्या हाताने बोट दाखवायचं, तिथे तुमचा दगड बसेल. बघूया रोज येऊन तुमची वाट बघतात आणि रोजची मजुरी मागतात, तेव्हा शक्यतो लौकर या.

ता. क. दुसरा. तुमचे चिरंजीव मागे उभे राहून वाचत आहेत. म्हणतात, मी किती वेळा पडलो ते आईला लिहू नकोस. म्हणून लिहिलेलं नाही. मास्तरीणबाईंना विचारा, त्यांनी मोजलं आहे.

ता. क. तिसरा. चष्मा पाठवत नाही. इथे येऊन घ्या.

ता. क. शेवटचा. अगदी सुरुवातीला 'इकडे सर्व ठीक आहे' असं लिहिलं आहे. ते पत्राच्या रीतीप्रमाणे लिहिलं. खोडलं असतं, पण कागद खराब होतो. बाकीचं सगळं खरं आहे, तेवढं एक वाक्य सोडून. ऊन उतरलं की मी पायरीवर येते, आत जाते, पुन्हा येते. ताई, हे कंसात नाही, मोठ्याने वाचा.